रेंजवर निशाणा लागतो, पण माणूस अंगावर आला तर? प्रसंग उभे करून केलेला सराव कितपत उपयोगी पडतो?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या मोंढ्यात आडत आहे, सोयाबीनच्या हंगामात रात्री रोकड घेऊन घरी जावं लागतं, परवान्यावर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलंय आणि रेंजवर दहापैकी आठ गोळ्या बरोबर लागतात. आता प्रसंग उभे करून शिकवणारा वर्ग करावा, की एवढं पुरे?

वर्ग जरूर करा. मी सतरा वर्षं पायदळात होतो, नंतर पाच वर्षं बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन बसलो. आता सुरक्षा रक्षकांना शिकवतो आणि तुमच्यासारखे परवानाधारकही माझ्याकडं येतात. त्यातल्याच एकांची गोष्ट सांगतो.

पन्नाशीचे आडते. पांढराशुभ्र शर्ट, हातात रेक्झिनची बॅग. आम्ही एका जुन्या गोदामात सराव घेतो, तिथं शटर आहे. मी म्हटलं, काका, रोज दुकान बंद करता तसंच करा. त्यांच्या रिव्हॉल्व्हरएवढंच रबरी रिव्हॉल्व्हर दिलं आणि रोजच्या जागी ठेवायला सांगितलं. त्यांनी ते बॅगेच्या तळाशी ठेवलं, त्यावर हिशेबाच्या वह्या, त्यावर जेवणाचा डबा, मग चेन लावली. वाकून खालचं कुलूप लावत होते तेवढ्यात आमचा एक पोरगा मागून आला. "काका, औशाची गाडी गेली का हो?" काका वळले आणि भल्या माणसासारखं उत्तर द्यायला लागले. पोराच्या हातात लाकडी सुरी होती, धारेला गुलाल लावलेला. बॅगेची चेन अर्धी उघडली तोवर शर्टावर पोटापासून खांद्यापर्यंत तीन रेघा उमटल्या होत्या. डबा खाली पडून घरंगळत गेला. काका कितीतरी वेळ त्या गुलालाकडं बघत उभे होते, तोंडातून शब्द नाही.

रेंजवर त्यांचा निशाणा तुमच्यापेक्षाही चांगला होता. पण रेंजवर पुठ्ठा समोर असतो, जागचा हलत नाही, औशाची गाडी विचारत नाही, आणि हत्यार आधीच हातात असतं.

हे अंतराचं गणित जुनं आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये ते लिहून मांडलं. धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि सराव असलेल्या पोलिसालाही कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे आपल्या जुन्या वाड्यात ढाळजेपासून चौकाच्या पलीकडं, एवढंच. तेही कमरेला पिस्तूल आणि नजर समोर असताना. पण कोणी २१ फुटांच्या आत आला की गोळी घालायची मुभा मिळाली, असं काही जण सांगत फिरतात. ते साफ चूक आहे. ते सरावाचं माप होतं, कायद्याचं कलम नव्हे.

जवळचा हल्ला झाला की शरीर कसं वागतं हेही अशा सरावातच कळतं. तोंडाला कोरड पडते, बोटं ऐकत नाहीत, बाजूचं दिसेनासं होतं, समोरच्याच्या हातातल्या सुरीशिवाय काही सुचत नाही. कितीही वाचलं तरी हे अंगात उतरत नाही, चार वेळा गुलाल लागला की उतरतं.

त्या काकांनी पाचव्या वेळी काय केलं, ते ऐका. कुलूप नोकराला लावायला दिलं, स्वतः भिंतीला पाठ करून रस्त्याकडं बघत उभे राहिले. पोरगा दिसताच हात पुढं करून मोठ्यानं म्हणाले, "तिथूनच बोल, बाबा." तो थांबला नाही तशी त्यांनी बॅग एका बाजूला भिरकावली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला, उभ्या टेम्पोच्या आड गेले. रिव्हॉल्व्हरला हात लावायची वेळच आली नाही. त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रसंग मी तोच धरतो.

दुसरा एक प्रसंग मी प्रत्येकाला देतोच. रात्रीचे तीन, रानातला आखाडा म्हणजे शेतातलं घर, अंधारात कोणीतरी कडी काढून आत येतंय. एका तुकडीत सात जण होते, चौघांनी बॅटरी न लावता, आवाज न देता चाप ओढला. आत येणारा त्यांचा मुलगा होता, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलेला, खांद्यावर सॅक. अर्थात आमचाच पोरगा मुलगा बनला होता. तरी एक बाप तिथंच खाली बसून रडला. त्यानंतर बॅटरी आणि हाक, या दोन गोष्टी तो जन्मात विसरणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर ३८ व्या कलमाप्रमाणे हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो. पण ३७ वं कलम सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि जिवाची भीती संपली की त्यासाठीचा हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात जड जाईल. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की हल्ला होत असताना माणसानं तोलूनमापून बचाव करावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. हा आधार मोठा आहे, पण तो वापरायची वेळ तुमच्यावर न यावी.

म्हणून चांगल्या वर्गात प्रसंग गोळीपाशी संपत नाही. हत्यार खाली ठेवणं, ११२ ला फोन, जखमीसाठी गाडी, पोलीस आले की दोन्ही हात दिसतील असं उभं राहणं, हेही करून घेतात. जिथं हे करून घेत नाहीत तिथं जाऊ नका. हातातली सुरी हिसकावण्याचे डाव व्हिडिओत दाखवतात, त्यावरही विसंबू नका.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. सरावाच्या जागी खरं हत्यार आणि खरं काडतूस येताच कामा नये. तीन जण एकमेकांची झडती घेतात, माझी सुद्धा. एकदा एका वर्गात मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथं एका उमेदवाराच्या शर्टाच्या खिशात जिवंत काडतूस निघालं. तो म्हणाला, "राहून गेलं, सर." आयोजक म्हणाले, चालू द्या. मी तिथूनच परत फिरलो. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र आहे, ते तुम्ही घेतलं असेलच. ते फक्त कागदावर उरकलं असेल, तर आधी ते नीट करा, मग बाकीचं.

वर्ग मिळेपर्यंत एवढं करा. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवा. त्याच्या जागी तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा बॅगेत टाका आणि संध्याकाळी दुकान बंद करताना विश्वासातल्या माणसाला दहा पावलांवरून चालत यायला सांगा, पळत नाही, चालत. तो तुमच्या खांद्याला हात लावेपर्यंत ठोकळा बाहेर येतो का बघा. असं तीन दिवस करा आणि काय झालं ते इथंच खाली लिहा, बॅग कुठं ठेवायची आणि कुलूप कोणी लावायचं ते मग ठरवू.