दुकानात भरदार वाजणारे स्पीकर घरी आणल्यावर पोकळ का वाजतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात नवं घर, 10 बाय 12 फुटांचा हॉल, नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर. दुकानात भरदार वाजले, घरी मात्र बास, म्हणजे खालचे जाड सूर, गायब, आणि गाणारी बाई नेमकी कुठून गाते तेच कळत नाही. मग आता 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

नका घेऊ. आधी एक तार उलटी करून बघा.

हे मी शहाणपणातून सांगत नाही, चार महिने गाढवपणा केला म्हणून सांगतो. माझ्या एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलच्या (तार जोडायच्या खुंट्यांच्या) तारांची अदलाबदल झाली होती. अशा वेळी एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. तपासायला रेडिओवरच्या बातम्या लावा. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो खोलीभर पसरलेला वाटला तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि एकाच स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा. दोन्हीकडे बदलल्या तर पुन्हा मूळपदावर! तारेच्या एका बाजूला बहुतेक वेळा बारीक रेघ असते, ती बाजू अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्हीकडे लाल टर्मिनलला धरली की घोळ होत नाही.

तार महागडी नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन-कोअर वायर पाच-सात मीटरला पुरून उरते. फक्त सोललेल्या टोकाचा एखादा केसही शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. त्यासाठी टोकाला पिना लावतात, त्यांना बनाना प्लग म्हणतात. आमच्या केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, हे नाव सांगितलं की लोक पिना बघायच्या आधी हसतात.

तार बरोबर निघाली तर बहुतेक दोष जागेचा. तुमचे स्पीकर शोकेसच्या वरच्या कप्प्यात तर नाहीत ना? आपल्याकडे टीव्ही, ट्रॉफ्या आणि स्पीकर एकाच फळीवर नांदतात. तिथून उतरवा. स्टँड नसेल तर बळकट स्टूल चालेल, पण वरचा छोटा गोल, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट, आणि तुमची खुर्ची प्रत्येकापासून तेवढ्याच अंतरावर. मागची भिंत फूट-दीड फूट लांब राहू द्या. खुर्ची भिंतीला चिकटवू नका आणि खोलीच्या ऐन मध्यावरही नको. 12 फुटांच्या लांबीत साधारण 47 हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो, तो भिंतीपाशी फुगतो आणि मध्यावर नाहीसा होतो.

अमळनेरच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मी असं पहिल्यांदा लावलं तेव्हा आजी दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत वाकून बघायला लागली. ‘हाऊ आवाज कथाईन ई ऱ्हायना रे भाऊ?’ (हा आवाज कुठून येतोय रे?) स्टिरिओ नीट लागल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

तेच स्पीकर धुळ्याला स्लॅबच्या घरात आणले आणि कानाला टोचायला लागले. जुन्या घराच्या भिंती मातीच्या, ओबडधोबड, वर लाकडी तुळया. इथे गुळगुळीत रंग, चकचकीत टाइल्स, काच. एक टाळी वाजवा, मागोमाग ‘टर्रर्र’ असा नाद आला तर तुमचीही खोली तीच. खाली जाड सतरंजी टाका. मग खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज भिंतीला आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी मी गोधडी टांगली आहे. येणारा-जाणारा विचारतो, वाळली नाही का अजून? टोचणं मात्र गेलं. बास गोधडीने आवरत नाही, तो स्पीकर मागेपुढे करूनच जमवावा लागतो.

वॅटचं म्हणाल तर वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात. तुमच्या खोलीला 30-40 आरएमएस वॅट (सतत मिळणारी खरी ताकद) पुष्कळ झाले. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचे फुगवलेले, हजारांतले आकडे खोक्यावरच राहू द्या.

राहिला आपला उन्हाळा. पारा 45 च्या आसपास असताना अ‍ॅम्प्लिफायर बंद कप्प्यात कोंडू नका, वर निदान चार-पाच इंच मोकळे ठेवा. घरघर येत असेल तर आधी इन्व्हर्टर बघा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर लाइट गेल्यावर पंख्याबरोबर स्पीकरही गुरगुरतो. अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या, आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वैशाखात इतकी सुकते की पाणी ओतावं लागतं. आणि कूलर स्पीकरपासून दूर ठेवा, ओल्या हवेत कागदी पडदे टिकत नाहीत. तसंही त्याच्या घोंघाटात तंबोरा कुठला ऐकू यायला? मेमध्ये मी पहाटे पाचला उठून, कूलर बंद करून ऐकतो. साडेसहापर्यंत तग धरतो, मग घरचे उठून कूलर लावतातच.