शेरीफ असताना काउंटी पोलीस कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरील सफोक काउंटीत राहते. तिच्याकडे गेलो असताना काही गाड्यांवर ‘काउंटी पोलीस’ आणि काहींवर ‘शेरीफ’ असे लिहिलेले दिसले. एकाच जिल्ह्यात ही दोन दले कशी? आपल्याकडील पोलीस अधीक्षकाच्या जागी यांपैकी कोणाला धरावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही दले काउंटीचीच आहेत. सफोक ही न्यूयॉर्क राज्याच्या मूळ बारा काउंट्यांपैकी एक असून तिची स्थापना १६८३ची आहे. शेरीफ हे पद इंग्रजांनी वसाहतींमध्ये नेलेले आहे. आपल्या मुंबईच्या नगरपालाचे पदही त्याच परंपरेतले. परंतु मुंबईत ते केवळ मानाचे उरले, तर सफोकमध्ये शेरीफ आजही चार वर्षांसाठी मतदारांकडून निवडला जातो आणि रिव्हरहेड व यापँक येथील तुरुंग चालवणे, न्यायालयाच्या आदेशांची बजावणी करणे, घराचा ताबा मिळवून देणे ही कामे त्याच्याकडे आहेत.

काउंटी पोलीस दल मात्र १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाले. त्यापूर्वी प्रत्येक टाउन (काउंटीचा उपविभाग, ढोबळमानाने आपल्या तालुक्यासारखा) आणि कित्येक लहान गावे आपापले पोलीस ठेवत. बटाट्याची शेते आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या प्रदेशाला ते पुरत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातील कुटुंबे पूर्वेकडे सरकू लागली आणि १९५० साली पावणेतीन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९६०पर्यंत साडेसहा लाखांच्या पुढे गेली. इतक्या विखुरलेल्या छोट्या दलांना हा भार पेलवणे कठीण होते. शेजारच्या नॅसॉ काउंटीने १९२५मध्येच स्वतःचे पोलीस दल उभारले होते, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावे लागले नाही.

परंतु हे दल वरून लादले गेले नाही, आणि माझ्या मते त्याचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे. १९५८मध्ये मतदारांचा कौल घेण्यात आला. बॅबिलॉन, हंटिंग्टन, आइस्लिप, स्मिथटाउन आणि ब्रुकहेवन ही पश्चिमेकडील पाच टाउन सामील झाली. ईस्ट हॅम्प्टन, साउथहॅम्प्टन, साउथोल्ड, रिव्हरहेड आणि शेल्टर आयलंड ही पूर्वेकडील पाच बाहेर राहिली आणि आजही त्यांची गस्त त्यांचे स्वतःचे पोलीस घालतात. पश्चिमेतही ॲमिटीव्हिल, नॉर्थपोर्ट यांसारख्या गावांनी आपले दल सोडले नाही. म्हणजे ‘काउंटी पोलीस’ असे नाव असूनही गस्तीपुरते हे दल संपूर्ण काउंटीचे नाही. खर्चाचा हिशेबही तसाच चालतो : गस्तीचा खर्च ‘पोलीस डिस्ट्रिक्ट’ या स्वतंत्र निधीतून होतो आणि त्यासाठीचा कर त्या हद्दीतील घरमालकांच्या मालमत्ता कराच्या बिलातच येतो, मात्र पूर्वेकडील लोकांना तो द्यावा लागत नाही. आपल्याकडे पोलिसांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होत असल्याने आपल्या चौकीवर नेमका किती खर्च होतो, हे नागरिकाला सहसा कळत नाही. तिथे दरवर्षीच्या बिलातच तो आकडा दिसतो, आणि त्यावरून वादही होतात.

दलाचे मुख्यालय यापँक येथे असून त्याखाली सात प्रिसिंक्ट, म्हणजे ढोबळमानाने आपल्या उपविभागांसारखी ठाणी आहेत. खुनाच्या तपासासाठी वेगळे पथक आहे. तिन्ही बाजूंनी पाणी असल्याने सागरी पथकही आहे. दोन दलांच्या कामांतील रेषा मात्र कायमची आखलेली नाही. २००८मध्ये तत्कालीन काउंटी एक्झिक्युटिव्हने, म्हणजे काउंटीच्या प्रशासनप्रमुखाने, पैसे वाचवण्यासाठी लाँग आयलंड एक्स्प्रेसवेवरील गस्त पोलिसांकडून काढून शेरीफच्या माणसांना दिली, आणि पुढे ती पुन्हा पोलिसांकडे आली. अधीक्षकाशी तुलनाच करायची तर या काउंटी पोलीस दलाचा प्रमुख असलेल्या पोलीस कमिशनरशी करावी, शेरीफशी नव्हे.

प्रश्न : या कमिशनरची नेमणूक किंवा बदली राज्य सरकार करते का? त्याच्या दलाविरुद्ध दाद कोठे मागायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बदलीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण राज्यभर फिरणारे आपल्या भारतीय पोलीस सेवेसारखे संवर्ग तिथे नाहीत. निवडून आलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह कमिशनर निवडतो आणि अठरा सदस्यांचे काउंटी विधिमंडळ त्याला संमती देते. गणवेशातील सर्वोच्च अधिकारी, म्हणजे चीफ ऑफ डिपार्टमेंट, कमिशनरच्या हाताखाली असतो. गंमत अशी, की मतदारांनी निवडलेल्या शेरीफला न्यूयॉर्क राज्याच्या घटनेनुसार राज्याचा गव्हर्नर आरोपपत्र देऊन पदावरून दूर करू शकतो, पण काउंटीने नेमलेल्या कमिशनरच्या खुर्चीशी त्याचा थेट संबंध नसतो.

स्थानिक सत्ता इतकी एकवटली, की स्थानिक चौकशी दुबळी पडण्याचा धोका असतो, आणि सफोकने तो अनुभवला आहे. चीफ ऑफ डिपार्टमेंट जेम्स बर्क याने कोठडीतील संशयिताला मारहाण केली आणि ती दडपण्याचा प्रयत्न झाला. हे प्रकरण केंद्रीय यंत्रणांनी बाहेर काढले. २०१६मध्ये बर्कने गुन्हा कबूल करून शिक्षा भोगली, आणि ते दडपण्यात सहभागी असल्याबद्दल काउंटीचा निवडून आलेला जिल्हा सरकारी वकील टॉमस स्पोटा २०१९मध्ये दोषी ठरला. त्याआधी, २००८मध्ये पॅचोग येथे मार्सेलो लुसेरो या इक्वाडोरच्या स्थलांतरिताची हत्या झाल्यानंतर लॅटिनो रहिवाशांच्या तक्रारींची पोलीस नीट दखल घेत नाहीत, या आरोपाची चौकशी केंद्रीय न्याय विभागाने केली होती आणि २०१४मध्ये काउंटीशी सुधारणांचा करार केला होता. सामान्य तक्रार दलाच्या अंतर्गत चौकशी विभागाकडे देता येते. नागरी हक्कांचा भंग झाला असेल, तर केंद्रीय न्यायालयाचे दारही उघडे असते.