दिल्या घरी

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "भाजी लागतेय, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. भाजी लागत नव्हती, गॅस बंदच होता.

जळगावच्या लग्नात ताईच्या पाठवणीला बँडवाल्यांनी पी. सावळारामांचं 'जा मुली जा, दिल्या घरी तू सुखी रहा' वाजवलं. मावश्या-माम्यांनी पदर डोळ्यांना लावले आणि तू कोपऱ्यात उभी राहून मोबाइलवर अर्थ शोधत होतीस, ते मी पाहिलं होतं. चार महिने तू काही बोलली नाहीस आणि परवा एकदम: "आई, दिल्या घरी म्हणजे देऊन टाकली तिथे? मग आधीचं घर तिचं नव्हतंच? आणि तुमचे कवी मुलगी निघाली की मगच का रडतात?"

सगळेच नाहीत गं. निदान एक तरी नाही, आणि तो मला नानांनी, माझ्या वडिलांनी, भेटवला.

नाना भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, हे तुला माहीत आहे. मी सहावीत असताना त्यांनी पार्सलच्या जाड कापडाचं दप्तर शिवलं. स्वतः, दाभणाने, ओट्यावर बसून. इतकं मजबूत, की त्यात मीसुद्धा मावले असते. एका कोपऱ्यावर निळ्या शाईतला अर्धा शिक्का राहून गेला होता. वर्गातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'पार्सल' ठेवलं.

घरी आले तेव्हा नाना ओट्यावरच होते. काय झालं, कोण बोललं, असं काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "गाई पाण्यावर काय म्हणुनि आल्या?" मला वाटलं, शेजारच्या गाई सुटल्या. मी हुंदका आवरून म्हटलं, "नाही, गोठ्यात आहेत." नाना इतके हसले की तुझी आजी पोळपाट सोडून बाहेर आली. मग पुढच्या ओळी म्हटल्या:

का ग गंगायमुनाहि या मिळाल्या?
उभय पितरांच्या चित्तचोरटीला
कोण माझ्या बोलले गोरटीला?

ही कवी बींची कविता. खरं नाव नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म 1872, आपल्या भुसावळहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीला लागतं त्या मलकापूरचा. हेही सरकारी कारकून, म्हणून नानांना जास्तच जवळचे. श्रीमंत मुलींनी गरिबीवरून हिणवलेली लेक रडत घरी येते आणि बाप तिची समजूत घालतो, एवढंच आहे त्यात. पाठवणी नाही, बँड नाही. लेक अजून फ्रॉकमध्ये आहे आणि बाप कासावीस आहे.

"पण मी कुठे गोरी?" मी विचारलं. नाना म्हणाले, "अगं माय, कवीला यमक जुळवायचं होतं." (तुलाही हेच खटकणार, माहीत आहे. मलाही खटकतं. तरी डोळे भरतात, त्याला काय करू?)

नवं दप्तर आलं नाही. दहावीपर्यंत तेच.

याच कवितेत आणखी एक कडवं आहे. ज्यांच्यात जीव गुंतला त्यांची जराशी हौस पुरवता येत नाही, तेव्हा बापाच्या काळजाचं काय होतं ते बोलता येत नाही, अनुभवी जाणे, असं काहीसं. नानांनी कविता शंभरदा म्हटली असेल, ते कडवं मला कधी ऐकू आलं नाही. पुढे कॉलेजात पुस्तकात दिसलं तेव्हा कळलं, ते दर वेळी गाळत होते.

माझ्या पाठवणीला नाना गाडीजवळ नव्हते. मांडवामागे आचाऱ्याबरोबर भाड्याची पातेली मोजत होते. "दोन झाकणं कमी आहेत" हा त्यांचा आवाज मी गाडीत बसताना ऐकला. 'कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे' असं तुकोबांनी लिहिलंय. मीही पाहिलं, तर मागे नुसता मांडव. आणि गंमत अशी, की तुकोबांचा तो अभंग लेकीचा नाहीच, विठ्ठलासाठी जीव कासावीस झाला तो कसा, हे सांगायला त्यांनी सासरी निघालेली पोर उसनी घेतली. आईपासून चुकलेलं बाळ आणि पाण्याबाहेरची मासोळीही आहे त्यात, पण एवढ्या मोठ्या माणसाला पहिली आठवली ती हीच. यात मला आमचा मोठेपणा वाटायचा. तुझ्या प्रश्नानंतर जरा वेगळंही वाटतंय: की हे दुःख इतकं घरोघरचं होतं, आणि ते थांबवावं असं कुणाला सुचलं नाही.

आजीचं वेगळं. तिचं माहेर आसोद्याकडचं, म्हणजे बहिणाबाईंच्या गावचं, त्यामुळे त्या तिला घरातल्याच वाटायच्या. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या 1951 साली गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापली गेली. त्यातल्या एका गाण्यात योगी सासुरवाशिणीला विचारतो, सारखं माहेर माहेर करतेस, मग सासरी आलीस कशाला? शेवटी ती म्हणते, 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.' आजी भाकरी थापताना हे म्हणायची आणि मला वैताग यायचा. नांदायचं तेही दुसऱ्या कुणासाठी?

मग आपण इथे कॅनडात, मिसिसागाला आलो. पहिल्या हिवाळ्यात तू दोन वर्षांची, बाबा रात्रपाळीला, खिडकीबाहेर कमरेएवढं बर्फ. मी बॅग भरून परत जायचं ठरवलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. गेले नाही. तुझ्यासाठी राहिले असं म्हणणार नाही, तो हिशोब तुझ्या माथी मारायचा नाहीये मला. तिकीटही परवडत नव्हतं. पण त्या रात्री आजीची ती ओळ आठवली होती, एवढं खरं.

तुझ्या लग्नात, म्हणजे तू केलंस तर, ते गाणं लावायचं नाही, हे मान्य. मी मात्र मनातल्या मनात म्हणेन, तेवढं चालवून घे.

आणि घर कुणाचं, याचं उत्तर राहिलंच. तुझ्या खोलीत बाबांनी परवा ट्रेडमिल आणून ठेवलंय. तू सुट्टीत यायच्या आत ते तळघरात न्यायला सांगितलंय मी त्यांना. कुरकुरताहेत, पण नेतील.

तुझी,
आई