वाचकांचे प्रश्न: आपण सगळे कुणाच्यातरी कॉम्प्युटरमध्ये आहोत का?

मागच्या अंकात सिम्युलेशनवर, म्हणजे हे जग कुणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेली नक्कल असावी या कल्पनेवर, दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले चार प्रश्न घेतोय.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या हॉस्टेलवर रात्री हाच वाद चालतो. रूममेट म्हणतो इलॉन मस्क बोललाय की हे जग ओरिजिनल असण्याचा चान्स अब्जात एक आहे, आणि कुठल्यातरी प्रोफेसरनं हे गणितानं सिद्धपण केलंय. खरंच सिद्ध झालंय का? आणि असेल तर कुणी चेक का करत नाही?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: सिद्धबिद्ध काही झालेलं नाही, हे आधी रूममेटला सांग. मस्क २०१६ मध्ये एका कॉन्फरन्सच्या स्टेजवर ते बोलला हे खरं आहे. त्याचं म्हणणं एवढंच की चाळीस वर्षांपूर्वी पॉन्ग होता, म्हणजे दोन पट्ट्या आणि एक ठिपका, आणि आज गेम्स कुठच्या कुठे गेलेत, असंच चालू राहिलं तर एक दिवस गेम आणि खरं जग यात फरक कळणार नाही. ऐकायला भारी वाटतं, पण यात एक मोठी उडी आहे, तिच्याकडे येतो.

तो प्रोफेसर म्हणजे निक बॉस्ट्रम, फिलॉसॉफीवाला. त्याचा पेपर २००३ चा. आणि गंमत म्हणजे 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं त्यात तो म्हणतच नाही! तो म्हणतो तीनपैकी एक गोष्ट तरी जवळजवळ नक्की खरी असणार: एकतर आपल्यासारख्या संस्कृती तेवढी टेक्नॉलॉजी हातात यायच्या आधीच संपतात, किंवा टेक्नॉलॉजी येते पण आपल्या पूर्वजांचं सिम्युलेशन चालवायचा इंटरेस्ट कुणाला उरत नाही, किंवा मग आपण सिम्युलेशनमध्येच आहोत. तिघांपैकी कुठलं, ते आज कळायला मार्ग नाही म्हणून विश्वास साधारण सारखा वाटावा, असं त्यानं स्वतःच लिहिलंय. लोक पहिले दोन पर्याय गाळतात आणि तिसऱ्याचं रील बनवतात, त्याला कोण काय करणार.

आकडे मात्र त्यानं दिलेत आणि ते मजेशीर आहेत. आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांच्या डोक्यात जे काही चाललं ते हुबेहूब चालवायला जास्तीत जास्त १० चा ३६ वा घात इतक्या क्रिया लागतील असा त्याचा अंदाज, आणि एखाद्या ग्रहाएवढा कॉम्प्युटर बांधला तर तो सेकंदाला १० चा ४२ वा घात इतक्या क्रिया करेल. म्हणजे माणसाचा अख्खा इतिहास त्या मशीनला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचं काम. शिवाजी महाराज, पानिपत, तुझी बॅकलॉगची परीक्षा, सगळं त्यात.

आता ती उडी. हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की मेंदूत जे चालतं ते सिलिकॉनवर जसंच्या तसं चालवलं की तिथेही जाणीव तयार होते, तिथल्यालाही दाढ दुखते, तिथल्यालाही आईची आठवण येते. बॉस्ट्रम हे लपवत नाही, पेपरच्या सुरुवातीलाच सांगतो की मी हे धरून चाललोय. पण धरून चालणं वेगळं. आजपर्यंत कुणालाही दाखवता आलेलं नाही की कॉम्प्युटरमध्ये दुखणं तयार होतं, नुसतं दुखण्याचं वर्णन नाही, दुखणं. ते होत नसेल तर ग्राफिक्स कितीही भारी होवोत, आत राहणारं कुणीच नाही, आणि मग आपण तरी आत कसे असू? म्हणून मला वाटतं तुमचा वाद फिजिक्सचा कमी आणि जाणिवेचा जास्त आहे.

चेक करायचं म्हणशील तर विचार झालाय. २०१२ मध्ये बीन, दावूदी आणि सॅव्हेज या तीन फिजिक्सवाल्यांनी मांडलं की हे विश्व जर चौकटीच्या जाळीवर कॉम्प्युट होत असेल, तर सगळ्यात जास्त ऊर्जेचे कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, काही ठराविक दिशांना झुकलेले दिसायला हवेत. तसा काही पुरावा मिळालेला नाही. 'प्लँक लेंग्थ (फिजिक्समधली एक अतिसूक्ष्म लांबी) म्हणजे विश्वाचा पिक्सेल' हे तर सोडूनच दे. मे २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीनं सातशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब झालेला एक गॅमा किरणांचा स्फोट पकडला, त्यात प्रचंड ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, होता आणि तो एवढा प्रवास करूनही बाकीच्यांच्या साधारण सेकंदभरातच पोचला. अवकाश साध्यासुध्या प्रकारे दाणेदार असतं तर एवढ्या अंतरात त्याची वेळ चुकायला हवी होती. अर्थात रूममेट म्हणेल की चालवणारा हुशार आहे, त्यानं तेही सांभाळलं. मग त्याला विचार, असा कुठला प्रयोग आहे का जो उलटा आला तर तू तुझं म्हणणं सोडशील? त्यावर काय म्हणतो ते मला कळव.

प्रश्न: संपादक महोदय, आमच्या शंकराचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वीच जगन्मिथ्या सांगून ठेवले. आम्ही सांगितले की अंधश्रद्धा, अमेरिकेतून आले की विज्ञान! यावर तुमचे मत?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: गुरुजी, नमस्कार. तुमचा राग समजतो, पण इथे मी तुमच्या बाजूनं नाही.

सिम्युलेशनमध्ये बाहेर दुसरं एक जग लागतं, तिथे मशीन, तिथे वीज, तिथे चालवणारा. तो चालवणाराही आपल्यासारखाच कुणीतरी, आणि तोही कुणाच्यातरी मशीनमध्ये असू शकतो. मायेला असा बाहेरचा मालक लागत नाही. शिवाय आचार्य स्वतः 'जग म्हणजे स्वप्न' असं सरळ म्हणणाऱ्यांशी भांडलेले आहेत. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, सूत्र आहे 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्', आणि भाष्यात ते विज्ञानवादी बौद्धांना, म्हणजे सगळं फक्त मनातच आहे म्हणणाऱ्यांना, उत्तर देतात की स्वप्न जागं झाल्यावर खोटं ठरतं, जागेपणी पाहिलेला खांब तसा कुठल्याच अवस्थेत खोटा ठरत नाही. व्यवहाराच्या पातळीवर खांब खराच, डोकं आपटलं तर टेंगूळ येणारच. ब्रह्मज्ञान झाल्यावरची गोष्ट वेगळी.

आणि आपले ज्ञानोबा तर अजून पुढे. अमृतानुभवात अज्ञान नावाची काही वेगळी वस्तू आहे हेच ते मान्य करत नाहीत, एक अख्खं प्रकरण त्याच्या खंडनाला दिलंय. हे जग म्हणजे चैतन्याचाच विलास. सिम्युलेशनवाला म्हणतो की आधी मशीन, मग त्यातून जाणीव. ज्ञानोबांकडे आधी जाणीव, बाकी सगळं तिचं खेळणं. दोन टोकं आहेत ही, एकाला दुसऱ्याचा आजोबा कसं म्हणणार?

तुम्हाला आपल्याकडचा खरंच जवळचा नातेवाईक हवा असेल तर योगवासिष्ठातली लीला राणीची गोष्ट काढा. राजा वारलेला, राणी शोकात, आणि सरस्वती तिला दाखवते की त्याच महालात राजाचं दुसरं राज्य चालू आहे, आणि हे सगळं पुन्हा कुठल्याशा डोंगरातल्या एका ब्राह्मणाच्या लहानशा घरात आहे, ज्याला वारून आठच दिवस झालेत. इकडे राजाचं अख्खं आयुष्य झालं, तिकडे आठ दिवस! जगात जग, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. हे वाचताना मलाही बॉस्ट्रम आठवतो, इथे तुमच्याशी सहमत.

प्रश्न: मला सारखं देजा वू होतं, म्हणजे हे आधी घडून गेलंय असं वाटतं. हा सिस्टीमचा ग्लिच का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: नाही हो. ओळखीची भावना उमटते पण आठवण सापडत नाही, असा मेंदूचा घोळ आहे तो, बहुतेकांना कधी ना कधी होतो. मात्र फारच वारंवार होत असेल, त्यासोबत क्षणभर भान हरपत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, कारण टेम्पोरल लोब या मेंदूच्या भागाच्या अपस्मारात (फिट्सच्या आजारात) झटक्याआधी असं होऊ शकतं. आणि बॉस्ट्रमच्या हिशोबानं तर ग्लिच दिसणारच नाही, कारण तो ज्याला दिसला त्याचा मेंदूच चालवणारा एडिट करेल.

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे. हल्ली काही सांगितलं की म्हणतो, आई सगळं फेक आहे, अभ्यास करून काय होणार. व्हिडिओ बघून बघून असं झालंय. त्याला काय सांगू?
— एक आई, चिंचवड

उत्तर: ताई, वाद घालायचा असेल तर एक चांगला मुद्दा देतो. डेव्हिड चाल्मर्स नावाचे फिलॉसॉफर म्हणतात की समजा आपण सिम्युलेशनमध्येच आहोत, तरी टेबल खरंच टेबल आहे, फक्त ते कशाचं बनलंय याचं उत्तर बदललं, अणूंच्या खाली बिट्स निघाले एवढंच. म्हणजे त्याची भूक खरी, तुम्ही केलेला भात खरा, बोर्डाची परीक्षा तर फारच खरी. 'सिम्युलेशन आहे' वरून 'काही अर्थ नाही' कडे जायला रस्ताच नाही, ती दोन वेगळी वाक्यं आहेत. हे मला पटतं.

पण ताई, तो हे कसं बोलतो ते आधी बघा. मित्रांशी हिरीरीनं वाद घालतोय, मजा घेतोय, मग जेवून क्रिकेट खेळायला जातोय, तर काळजी सोडा, वय आहे. मात्र झोप उडालीय, जेवण कमी झालंय, मित्र सुटलेत, स्वतःचा चेहरा किंवा हातपायसुद्धा परके वाटतात असं म्हणतोय, तर तो फिलॉसॉफी बोलत नाहीये. ताण, नैराश्य, अपुरी झोप, गांजा यानं जग असं काचेपलीकडचं वाटू शकतं, डॉक्टर हे ओळखतात आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा व्हिडिओवरून भांडू नका, फोन हिसकावू नका, नुसतं विचारा की तुला हे असं कधीपासून वाटतंय, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. नंतर गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल.