सांगलीहून एअर होस्टेसच्या ट्रेनिंगला निघालीयेस ना, मग हे वाच

अभिनंदन गं! मेकअप आणि इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको, ते ट्रेनिंगवाले घासून घेतात. मी सांगते ते टर्ब्युलन्सचं, म्हणजे हवेत विमानाला बसणाऱ्या धक्क्यांचं, कारण आपल्या क्रूला मार लागतो तो बऱ्याचदा यातच, पॅसेंजर निदान बेल्ट लावून बसलेले असतात, आपण मेलं सतत उभ्या. खंबाटकीत एसटीत उभं राहायची सवय आहे, तोल सांभाळेन, हे डोक्यातून काढून टाक. मे 2024 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून येणारं विमान म्यानमारवर पाच सेकंदांच्या आत 178 फूट खाली आलं, बेल्ट नसलेले लोक छताला जाऊन आपटले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं.

विमानातलं रडार पावसाचे थेंब पकडतं, निरभ्र हवेतले धक्के त्याला दिसतच नाहीत. त्यामुळे कॅप्टन 'क्रू, बसा' म्हणाला की ट्रॉली गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत, ढकलत न्यायचा हट्ट नको, तिथंच लाल पेडल दाबून ब्रेक लाव, गरम चहाचा जग वर ठेवू नको, खाली जमिनीवर ठेव, आणि जवळ रिकामी सीट असेल तिथं बसून बेल्ट लाव. सीटच नसेल तर खाली बसून आर्मरेस्ट घट्ट धर, लाजायचं काय त्यात!

मागची गॅली जास्त हलते, तिथल्या कप्प्यांचे लॅच, म्हणजे खिट्ट्या, प्रत्येक वेळी हाताने दाबून बघ. आणि कोणी काका बेल्टचा लाइट असताना वरून बॅग काढायला उठले तर आधी गोड बोल, नाहीच ऐकलं तर सरळ आवाज चढव.