अवस्था, टप्पा की पायरी?

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : त्यांची भाची बी.एड. करते. वर्गातल्या कन्नड टिपणांत पियाजे, एरिक्सन, कोहलबर्ग या तिघा मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या वाढीचे जे क्रमाने येणारे भाग सांगितले, त्या सगळ्यांना 'हंत' हा एकच शब्द आहे. मराठी पुस्तकांत मात्र कुठे अवस्था, कुठे टप्पा, कुठे पायरी. हे तिन्ही एकच का?

ताई, शब्दकोशात हे शब्द शेजारी आहेत, पण अर्थाने सारखे नाहीत. शिवाय या तिघांच्या विचारांतला फरक नेमका या शब्दांच्या फरकावर येऊन बसतो, म्हणून मला हा प्रश्न फार आवडला.

'अवस्था' म्हणजे माणूस ज्या स्थितीत असतो ती. जागृती, स्वप्न, सुषुप्ती या अवस्था. एकीत असताना जग त्याच अवस्थेचं दिसतं. मुलांचा विचार कसा वाढतो ते सांगणाऱ्या पियाजेला हाच शब्द शोभतो. घरी कुंद्याच्या (आमच्याकडची खव्याची मिठाई) एका तुकड्याचे मी दोन केले, की चार वर्षांच्या नातीला जास्त मिळाल्यासारखं वाटतं. आठ वर्षांचा नातू म्हणतो, "आजोबा, तेवढाच आहे की!" नातीला कुणी गणित शिकवायचं राहिलंय असं नाही, तिला ते तसंच दिसतं. पियाजेने मातीचे गोळे आणि पेल्यांतलं पाणी घेऊन हेच पाहिलं, आणि साधारण 2 ते 7 वर्षांच्या काळाला क्रियापूर्व अवस्था, त्यापुढच्या 11 पर्यंतच्या काळाला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटलं. वयं मागेपुढे होतात, क्रम बदलत नाही. मात्र अवस्था एका रात्रीत पालटते असं भाचीने लिहू नये. संख्या तीच राहते हे कळलेल्या मुलाला वजनही तेच राहतं हे बऱ्याचदा उशिरा कळतं, आणि ही अडचण पियाजेलाही ठाऊक होती.

एरिक्सनने तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंतच्या आयुष्याचे आठ भाग सांगितले, प्रत्येकात सोडवायचा एक पेच. त्यांना मी 'टप्पा' म्हणेन. टप्पा हा वाटेतला असतो. महाराष्ट्रातल्या एसटीचं भाडंही सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये बसलात की पिरनवाडी येणार, मच्छे येणार, तुम्ही डुलकी घेत असलात तरी. एरिक्सनचं म्हणणं असंच आहे. तान्हेपणी विश्वास विरुद्ध अविश्वास हा पेच नीट सुटला नाही, तरी पुढचा पेच वयाबरोबर आणि समाजाच्या अपेक्षांबरोबर समोर येतोच. मागचं न सुटलेलं ओझं तेवढं सोबत येतं.

आणि बरं-वाईट ठरवण्याची समज कशी वाढते ते सांगणारा कोहलबर्ग? तिथे 'पायरी'. पायरी आपोआप येत नाही, चढावी लागते, आणि मधेच बसलेला माणूस तिथेच राहू शकतो. मरणाच्या दारातल्या बायकोसाठी न परवडणारं औषध नवऱ्याने चोरावं का, या त्याच्या प्रसंगात 'हो' की 'नाही' याला महत्त्व नाही. शिक्षेच्या भीतीने, लोक काय म्हणतील म्हणून, की माणसाच्या जिवाचं मोल मानून, असं कारण तो ऐकतो. सहा पायऱ्या, दोन-दोनच्या तीन पातळ्यांत. म्हणून 'पातळी' आणि 'पायरी' यांची गल्लत टाळावी. मराठी टिपणांत दोन्हींना 'स्तर' लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि मग तीन स्तर की सहा, हा गोंधळ ठरलेला.

परीक्षेत नेमलेल्या पुस्तकातला शब्द ठेवावा, गुण त्याला मिळतात. पण 'हंत'चं मराठी करताना भाचीने आधी विचारावं : हा न चढता येतो का?

एक मात्र मला मनापासून खटकतं. एरिक्सनच्या शेवटच्या भागाला, म्हणजे परिपूर्णता विरुद्ध नैराश्य याला, 'आठवी पायरी' म्हणतात. म्हातारा माणूस तिथे चढून गेलेला नसतो. आमच्या आईच्या तोंडी "आता या टप्प्याला काय हवं मला" असं वाक्य असायचं, एरिक्सनचं नावही न ऐकता. शब्द तिचाच बरोबर होता.