परागकणापासून थेट रोप वाढवण्याचा शोध भारतात लागला, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याचे परागकोश (फुलातल्या परागकणांच्या पिशव्या) पोषक माध्यमावर वाढवले आणि त्यातून भ्रूण उगवलेले पाहिले. गंमत म्हणजे ते शोधत होते वेगळंच: त्यांना अर्धसूत्री विभाजनाची (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची) क्रिया समजून घ्यायची होती. हे भ्रूण परागकोशाच्या भिंतीतून आले नसून परागकणातूनच आले, हे त्यांनी १९६६ मध्ये दाखवलं. माझ्या मते खरं महत्त्वाचं काम तेच. कारण परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो. कोल्चिसीन हे रसायन वापरून तो दुप्पट केला, की दोन्ही संच तंतोतंत सारखे असलेला पूर्ण शुद्ध वाण एका झटक्यात हाती येतो. एरवी स्वपरागणाच्या सहा-सात पिढ्या जातात. १९६४ आणि १९६६ चे दोन्ही शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आहेत. गुहा (पुढे गुहा-मुखर्जी) यांनी नंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधन केलं. मात्र ही युक्ती सगळ्या वनस्पतींना लागू पडत नाही. धोतरा, तंबाखू सहज साथ देतात, पण कडधान्यं आजही हट्टी आहेत. आणि गुणसूत्रं दुप्पट न केलेली रोपं बहुधा वांझच राहतात.